माराचं नाणं

आमचे हे नदीत मरणार, हे मला त्याच दिवशी कळालं ज्या दिवशी त्यांनी जुन्या भोंग्यातलं लोहचुंबक काढून नायलॉनच्या दोरीला बांधलं. कुणाला वाटंल, बाई वाढवून सांगून राह्यली. वाढवून सांगायला मला टाइम कुठंय? शहागडला हायवेच्या कडेला माझी चहाची टपरी हाय. दिवस उगवायच्या आधीपासून ट्रकवाले "ओ मावशी, दोन कडक" करत उभे असतात. त्यातले अर्धे माझ्यापेक्षा वयानं मोठे, आन् मी त्यांची मावशी!

ह्यांचं नाव कल्याण. मी नवऱ्याचं नाव घेत न्हाई, तुम्हाला कळावं म्हणून एकदा सांगितलं. जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या मिलमधी कामाला व्हते. लालभडक सळई चिमट्यात धरायची आन् रोलच्या तोंडात घालायची. एक दिवस सळई उलटली आन् उजव्या हाताची तीन बोटं घेऊन गेली. डाव्या हाताची बोटं हायेत, पण इतक्या वर्षांच्या तापल्या लोखंडानं ती अशी राठ झाली की सुई टोचली तरी ह्यांना कळत न्हाई. मिलवाल्यांनी द्यायचं ते दिलं, डॉक्टरनं करायचं ते केलं, जखम बी भरली. पण हे काही बरे झाले न्हाईत.

टपरीवर माझ्या हातचा चहा प्यायचे न्हाईत. "बायकोच्या जिवावर बसून खायची येळ आली," म्हणायचे. मी म्हणायची, "मंग उभं राहून खा." पूर्वी असल्या बोलण्याला खो खो हसायचे. आता तोंड फिरवून बसायचे.

त्यात मोबाइलमधी कुण्या मेल्यानं ह्यांना सांगितलं, की तुमच्या खिशातल्या चिल्लरमधी टाकसाळीत चुकलेलं नाणं असंल तर लोक त्याला लाखानं पैसे देतात. वाटोळं होवो त्याचं! दिवसभर तेच बघायचे. आन् आमच्याकडं चिल्लरीला काय तोटा? गोदामायच्या पुलावरून जाणारी गाडी नदीत पैसा टाकल्याबिगर जात न्हाई. एस्टीतल्या बाया खिडकीतून टाकतात, ट्रकवाले टाकतात, नवी नवरी घेऊन जाणारे तर ओवाळून मूठभर टाकतात. तळाला किती वर्षांचं साठलंय कुणाला ठाऊक. ह्यांच्या डोस्क्यानं घेतलं, की चुकलेलं नाणं नदीत हाय आन् ते आपल्यालाच सापडणार.

दोरीनं लोहचुंबक पाण्यात सोडून, त्याला चिकटलेल्या नाण्यांचा पहिला डबा भरला तसे आम्ही दोघं जालन्याला बद्रीनाथ काकांकडं गेलो. बँकेतून रिटायर झालेले, नाण्यांचे शौकीन, माझ्या एका गिऱ्हाइकाच्या वळखीचे. त्यांनी टेबलावर पेपर अंथरला, भिंग घेतलं आन् एकेक नाणं बाजूला सारायला लागले.

"हे माराचं. हे बी माराचं. हे पाण्यानं खाल्लं. हे चाकाखाली आलं. हे निळं पडलंय ना, हे जाळात गेल्तं. कुणाच्या सरणातलं असंल."

मी पटकन हात मागं घेतला.

"माराचं म्हंजे?" ह्यांनी इचारलं.

"टाकसाळीतून भायेर पडल्यावर नाण्याचं जे काही होतं तो सगळा मार," काका म्हणले. "घासलं, ठेचलं, गंजलं, वाकलं. त्याला शौकीन माणूस इचारत न्हाई. चूक पाहिजे ती छापतानाची." मंग माझ्याकडं वळून म्हणले, "ताई, ह्या डागावरून नख फिरवा बरं. खाली गेलं का वर?"

"खाली."

"खाली गेलं की मार समजायचं. वर चढलं तर पुढं बघायचं. साच्याला टवका उडाला की त्या खड्ड्यात नाण्याचा धातू घुसतो आन् नाण्यावर गाठ उठती. ती काठाशी सलग असती, वरून चिकटवल्यासारखी न्हाई. आन् नाणं उलटं केलं की बराबर त्याच जागी मागचा छाप फिका असतो. दोन्ही असलं तरच खरं."

हे एकदम ताठ झाले. "काका, आमच्या रोलला टवका उडाला की सळईवर अशीच गाठ येती! रोल फिरून तिथं आला की पुन्हा गाठ. अख्खा गठ्ठा तसाच निघतो."

"बराबर बोललात," काका म्हणले. "मार ज्याचा त्याला एकट्याला लागतो. साचा चुकला तर त्यातलं प्रत्येक नाणं चुकतं."

किती दिवसांनी ह्यांच्या तोंडावर उजेड दिसला मला! मिलमधलं शिकलेलं कुठंतरी कामाला आलं व्हतं. मला बी बरं वाटलं. येडी मी, काकांना हात जोडून आले. त्याच बोलण्यानं आमचा घात केला.

परत येताना एस्टीत ह्यांनी खिशातून एक नाणं काढलं, डाव्या अंगठ्यानं घासलं, पुन्हा घासलं. मंग माझ्या हातावर ठेवलं. "तूच बघत जा. मला खाली-वर कळत न्हाई."

तव्हापासून रोज दिवस कलला की हे ओल्या चड्डीवर टपरीमागं येऊन उकिडवे बसायचे, आन् मी हात पुसून एकेक नाणं बघायची. खाली. खाली. गंज. चाकाखालचं. एकदा एका नाण्यावर चांगली टपोरी गाठ लागली, हे सरकून म्होरं आले. मी सुरीचं टोक लावलं तर टप्पकन उडून पडली. वेल्डिंगचा थेंब. "न्हाई हो," म्हणलं मी. ह्यांनी तो थेंब मातीत शोधला, हातात घेतला आन् बराच येळ बघत बसले.

एकच गोष्ट व्हती, मी सांगितलेलं ह्यांना पटायचं. मोबाइलवाल्याचं बिलकुल ऐकायचे न्हाईत मंग, स्वतःच्या डोळ्यांचं बी न्हाई. "ती म्हणली तर खरं," एवढंच. लबाडी करायची कितीदा माझ्या मनात आली! म्हणावं, हे घ्या, हे खरं हाय, चला घरी. पण हे ते घेऊन काकांकडं पळाले असते, काकांनी बाजूला सारलं असतं, आन् माझ्यावरचा भरवसा बी गेला असता. तेवढ्या एकाच गोष्टीवर ह्यांचं डोस्कं अजून थाऱ्यावर व्हतं.

काठावरची नाणी सरली तसे हे आत जायला लागले. गुडघाभर, मंग कमरंएवढं, मंग छातीएवढं. पुलाच्या खांबापाशी पाणी आतून ओढतं, तळाला खड्डे हायेत. भिवा भावजी आमच्या इथले मासेवाले, त्यांनी एकदा ह्यांना केसाला धरून नावेत ओढलं. त्या दिवशी मी टपरीवरची एकूण एक कपबशी आपटली. "मरायचं तर घरात मरा, मला दिसंल तरी!" म्हणलं. अक्षताला, आमच्या पोरीला, मी आधीच माझ्या आईकडं धावड्याला नेऊन सोडलं व्हतं. बापाला रोज नदीतून ओढून काढताना तिनं कामून बघावं?

कपबश्यांचा तेवढा परिणाम झाला. ह्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "एक. फकस्त एक खरं गावलं की नदी बंद. गोदामायची आण."

पोळा होऊन गेल्ता. त्या दिवशी हे दुपारीच आले. ओलेचिंब. माझा हात धरून त्यात दोन रुपयाचं एक नाणं ठेवलं. मी गिऱ्हाइकाला म्हणलं, "थांबा जरा," आन् मागं गेले.

नख फिरवलं. वर चढलं. काठाशी गुळगुळीत गाठ, तिच्यात दोन अक्षरं गिळलेली. सुरीचं टोक लावलं, जोर दिला. हललं न्हाई. काठ आन् गाठ एकच, कुठं सांधा न्हाई. नाणं उलटं केलं. बराबर त्याच जागी मागचा छाप पुसट. खाल्लेला न्हाई, घासलेला न्हाई, उठलेलाच न्हाई. मी पदरानं पुसून पुन्हा बघितलं. मंग उन्हात तिरपं धरून बघितलं.

"काय?" हे म्हणले.

"खरं हाय."

"पुन्हा बोल."

"अहो, खरं हाय! टाकसाळीचंच हाय हे!"

हे खाली बसले. मंग उठले, टपरीच्या म्होरं आले आन् बाकावर बसून म्हणले, "चहा दे." चार गिऱ्हाइकांच्या देखत! मी आलं ठेचून घातलं, साखर जास्तीची घातली. हे फुंकर मारून पिऊन राह्यले, आन् मधीच माझ्याकडं बघून हसले. तेच जुनं हसणं. काय सांगू तुम्हाला, त्या नाण्याचे लाख मिळू न्हाईतर कवडी मिळू, मला त्याचं काही पडलं नव्हतं. सुटलो एकदाचे, एवढंच मनात आलं. उद्याच्या उद्या धावड्याहून पोरीला आणायचं, असं बी ठरवून टाकलं मी.

तेवढ्यात पोलिसांची जीप आली. भोंग्यावरून सांगून राह्यली, वरच्या धरणातून पाणी सोडलंय, सांजपर्यंत नदी वाढणार, कुणी काठाला जाऊ नका, जनावरं वर घ्या. दर वर्षी सांगतात. मी दूध गाळत व्हते. बघते तर ह्यांनी ग्लास खाली ठेवलेला, अर्धा तसाच.

"दैवशाले," हे म्हणले, "साचा."

"काय साचा?"

"साच्याचा टवका उडालाय. म्हंजे हे एकटं न्हाई. अख्खा गठ्ठा असणार."

मला आधी कळालंच न्हाई. कळालं तव्हा हातातली गाळणी खाली पडली. "अहो, सळयांचा गठ्ठा मिलमधी बांधतात! नाणी देशभर जातात. एक मुंबईला गेलं असंल, एक कलकत्त्याला."

"बँकेची थैली फोडून कुणी नवरीवरून ओवाळलं असंल. मूठभर टाकलं असंल. एक खांबापाशी गावलं म्हंजे बाकीची बी तिथंच. आज पाणी आलं की वाळू कुठल्या कुठं जाईल. आत्ताच बघाया पाहिजे, जल्दी."

"आण घेतली व्हती तुम्ही! माझ्या डोक्यावर हात ठेवून!"

"एकाची व्हती ना? ही एकाच साच्यातली हायेत, दैवशाले. एकच झालं ते." आन् असं समजावून सांगितलं मला, की जसं मीच येडी. ते नाणं माझ्या मुठीत दाबलं, "हे जप," म्हणले, आन् दोरी खांद्यावर टाकून घाटाकडं निघाले.

मी हात धरला, त्यांनी सोडवला. गिऱ्हाइकांना म्हणलं, "धरा हो कुणीतरी!" ते बघत बसले. नवरा-बायकोच्या मधी कोण पडणार? गॅसवर दूध उतू गेलं. जाऊ दे म्हणलं आन् पळाले.

घाटावर भिवा भावजी नाव वर ओढून, काठावर घणानं पहार ठोकून तिला बांधत व्हते. मला बघून म्हणले, "वहिनी, मी ओरडून ओरडून दमलो. ऐकतच न्हाईत. आता नाव घालायची माझी छाती न्हाई." पाण्याचा रंग फिरला व्हता. गढूळ, वर फेस, आन् कुठून कुठून पाचट, काड्या, एक चप्पल वाहत आलेली. खालच्या पायऱ्या दिसंनाशा झाल्त्या. आन् हे खांबापाशी, छातीएवढ्या पाण्यात, पायानं तळ चाचपून राह्यले व्हते.

"अहो! या भायेर!"

ह्यांनी न वळताच हात वर केला. आलो आलो, असा.

"अहो, पाणी आलंय!"

हात बी वर झाला न्हाई. पाणी खांद्याला लागलं. एक लाकूड त्यांच्या अगदी कानाजवळून गेलं, तरी मान हलली न्हाई. काय करू? कुणाला बोलावू? आत उडी मारू तर मला पोहता येत न्हाई, दोघं बी जाणार आन् पोरगी धावड्याला वाट बघत बसणार.

"कल्याण!" मी ओरडले. लग्नातला उखाणा सोडला तर आयुष्यात पहिल्यांदा. असं अर्ध्या गावादेखत, नुसतं नाव, ना अहो ना काही. भिवा भावजींनी चमकून माझ्याकडं बघितलं. "ए कल्याण! तुझी पोरगी हाय रे! मी हाय!"

न्हाई वळले.

मंग मला असा राग आला, असा राग आला की रडू बी आलं न्हाई. बारा वर्षं चुलीपुढं जाळून घेतलं, ह्यांना घास भरवले, ह्यांची बोटं झाले मी, आन् ह्यांना माझी हाक ऐकू येत न्हाई! मुठीत ते नाणं रुतत व्हतं. मी भिवा भावजींच्या हातातला घण हिसकला, नाणं पायरीवर ठेवलं आन् घण उचलला.

"फोडते!" मी ओरडले. "बघ, फोडते तुझं नाणं!"

आन् पायरीवर, नाण्याच्या बाजूला, घाव घातला. खणकन आवाज घुमला.

तव्हा वळले. माझ्या हाकेला वळले न्हाईत, पोरीच्या नावाला वळले न्हाईत, त्या एका आवाजाला वळले. "ए, ए, दैवशाले!" करत पाणी तोडत निघाले. मधी एकदा पाय गेला, डोकं खाली गेलं, माझा जीव गेला तिथंच. भिवा भावजींनी दोरी फेकली. बोटांनी धरता येईना, तर ह्यांनी कोपराला गुंडाळली. भावजींनी ओढलं तसे खरचटत, ठेचकाळत पायरीवर येऊन पडले.

जिवंत व्हते. माझे हे जिवंत व्हते. मी वाकून त्यांच्या तोंडावरची माती पुसायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला आन् पायरीवरचं नाणं बघितलं. धड हाय बघून मोठा श्वास सोडला. आन् मंग त्यांची नजर पुन्हा खांबाकडं गेली.

"अजून थोडा येळ हाय," म्हणले. "ते दे माझ्याकडं, आन् भिवा, तू दोरी धर."

मी घण घातला.

एकदा न्हाई, हाताला कळ येईस्तोवर घातला. भावजी "वहिनी, वहिनी" करून राह्यले, हे माझा पाय धरून ओढून राह्यले, मी थांबले न्हाई. नाणं उडालं, ते हुडकून पुन्हा ठेवलं आन् पुन्हा घातला. गाठ चेपली. काठ दुमडला. मागची ती पुसट जागा खरवडून गेली. मंग घण टाकून दिला आन् मी खाली बसले, धापा टाकत.

ह्यांनी ते उचललं. डाव्या अंगठ्यानं घासलं. उलटं करून घासलं. पुन्हा घासलं. मंग माझा हात ओढून त्यावर ठेवलं.

"बघ ना," म्हणले. "गाठ हाय का अजून? थोडी तरी?"

मी नख फिरवलं. ह्यांच्यासाठी खरंच फिरवलं, मन लावून, जसं रोज बघायची तसं. मला कुठं ह्यांचं वाईट करायचं व्हतं?

"न्हाई हो," म्हणलं. "माराचं हाय."

हे माझ्याकडं बघत राह्यले. आन् मंग जे रडले! बोटं गेली तव्हा रडले न्हाईत, काम गेलं तव्हा रडले न्हाईत, आता पायरीवर डोकं आपटून, तोंड उघडं टाकून रडून राह्यले. "तू फोडलंस," म्हणत व्हते, "खरं व्हतं आन् तू फोडलंस." भिवा भावजी तोंड फिरवून नावेची गाठ आवळत बसले. पुलापाशी हे उभे व्हते तिथं आता खांबावर पाण्याच्या खुणेचा निळा पट्टा रंगवलाय, तो बी दिसत नव्हता.

पाणी पायाला लागलं. मी ह्यांच्या बखोटीला धरलं आन् एक पायरी वर ओढलं. मंग अजून एक. हे अंग टाकून देऊन राह्यले, मला शिव्या घालून राह्यले, "कैदाशिणी" म्हणले, अजून काय काय म्हणले. मी म्हणलं, द्या, किती बी द्या. रडा बी. वर या तेवढं, आन् इथं काठावर बसून हवं तेवढं रडा.